उलटी कवडी

त्या वर्षीच्या दिवाळीत माझं देवीशी बोलणं बंद होतं. वाचून कोणी हसेल, पण खरं तेच सांगतो. माणसाशी अबोला धरावा तसा मी तिच्याशी धरला होता. सकाळी अंघोळ करून देव्हाऱ्यासमोरून जायचो, हात जोडायचो नाही, आणि मी हात जोडत नाही हे तिला नीट दिसावं म्हणून मुद्दाम क्षणभर थांबून मगच पुढे जायचो. कारण माझ्या आईचे डोळे जात होते. आम्ही आईला याडी म्हणतो. जिनं आयुष्यभर सुईदोऱ्यानं फुलं काढली, काचा जडवल्या, कवड्या लावल्या, जिच्या हातची काचळी, म्हणजे आमची आरशांची चोळी, घालून तांड्यावरच्या निम्म्या पोरी सासरी गेल्या, तिचेच डोळे घ्यायचे हा कुठला न्याय? मी पाच मंगळवार दारव्ह्याहून तांड्यावरच्या देवीच्या देवळापर्यंत अनवाणी चालत गेलो होतो. नारळ फोडले, नवस बोललो. पायांना फोड आले, आणि याडीला दिसणारं आणखी थोडं कमी झालं. तेव्हा मी देवीला सांगून टाकलं, की आता तुझं नि माझं काही देणंघेणं नाही.

मी दारव्ह्याला शाळामास्तर होतो. आमचा तांडा आर्णीच्या रस्त्याला. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घातला. आमच्या वाट्याला थोडी जमीन आली, तीत कापूस आणि तूर. तांड्यावरून शिकून मास्तर झालेला मी पहिलाच, आणि त्याचा मला गर्व होता हेही कबूल करतो. यवतमाळच्या डॉक्टरांनी याडीचे डोळे पाहून काचबिंदू सांगितला आणि मुंबईला दाखवा म्हणाले. महाराष्ट्र झाल्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मुंबई आता आपली राजधानी, तिथले मोठे डॉक्टर आपल्या माणसांना परत कसे पाठवतील, अशी माझी भाबडी समजूत. दिवाळीची सुट्टी लागल्यावर छोट्या गाडीनं मूर्तिजापूर गाठलं, आणि तिथून मोठ्या गाडीत बसून याडीला घेऊन निघालो.

मुंबईच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत उजेड टाकला, शेजारच्या डॉक्टरांशी इंग्रजीत चार शब्द बोलले आणि मला म्हणाले, "घरी घेऊन जा. गेलेली नजर येत नाही. आहे ती वर्ष-दोन वर्षं टिकली तर टिकेल." बस, एवढंच. दोन दिवस गाडीत बसून आलेल्या म्हातारीला एवढंच. मी त्यांच्याशी भांडलो. नीट बघितलंत का, दुसरं औषध नाही का, आम्ही खेड्यातले म्हणून असं सांगता का, वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे ऐकत होते, त्याचाही मला राग आला. खरं तर ते चुकीचं काही बोलले नव्हते, पण हे कळायला मला पुढे बराच काळ लागला.

बाहेर ओसरीत याडी फरशी पुसणाऱ्या एका माणसाशी गप्पा मारत बसली होती. तो समुद्राकाठच्या गावचा होता. मी जवळ जाताच ती म्हणाली, "मास्तर, मले समिंदर दाखव. हा भाऊ म्हन्ते, मायी विहीर याले मालूम हाये." (घरात आमची बोली वेगळी आहे, वाचणाऱ्याला कळावं म्हणून ती इथे वऱ्हाडीत लिहितो. आणि ती मला नावानं नाही, मास्तर म्हणूनच हाक मारायची. कौतुकानं की टोमण्यानं, ते कधी कळलं नाही.)

ती विहीर म्हणजे तिची जन्माची गोष्ट. ती सात-आठ वर्षांची असताना तिच्या बापाचा तांडा मिठासाठी समुद्राकडे गेला होता. घाट उतरल्यावर तिसऱ्या मुक्कामाला मिठाचे वाफे, आणि त्या वाफ्यांच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. तिथे तिची आई तापानं गेली. आसपास सरपण नव्हतं म्हणून विहिरीजवळच तिला मूठमाती दिली, वर एक दगड ठेवला. बैल लादून तयार होते, तांडा थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवशी निघाले ते पुन्हा कधी तिकडे गेले नाहीत. ही गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली होती, आणि मोठेपणी तिच्यावर विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. रेल्वे आल्यावर बैलांवरून इतक्या लांबचं मीठ कोण आणतं? तांड्यावरचे जुने लोकही सांगत, ते सगळं आज्या-पणज्यांच्या वेळचं. दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकून पोरीनं ती आपलीच समजली असणार. हे मी तिला पुस्तकाचा दाखला देऊन एकदा ऐकवलंही होतं. तेव्हा ती म्हणाली होती, "मंग तुया पुस्तकालेच इचार, मायी माय कुठी पुरली ते."

फरशी पुसणारा माणूस मला म्हणाला, "मिठागरात गोडी विहीर ना? आमच्या बाजूला अशी एकच हाय. सकाळच्या लाँचनं जा, सांजेला परत याल." आमची गाडी दुसऱ्या दिवशी रात्रीची होती. मधला एक दिवस मोकळा. मला जायचं नव्हतं. तिथे काही सापडणार नाही आणि ती आणखी खचेल, अशी मला खात्रीच होती. पण याडी म्हणाली, "थोडं दिसून राह्यलं तवरच ने. मंग नेशीन त काय फायदा?"

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसलो. याडीचा वेश तसाच: आरशांची काचळी, फेटिया म्हणजे घेरदार घागरा, दंडापर्यंत बांगड्या. लोक वळून वळून बघत होते. समोरच्या बाईनं आपली पोर ओढून मांडीवर घेतली, जणू माझी आई तिला पिशवीत घालून नेणार होती! मी त्या बाईकडे असा बघत राहिलो की तिनं शेवटी जागा बदलली. याडीला यातलं काही दिसत नव्हतं. तिला फक्त समोरचं, तेही नळीतून बघावं तेवढं दिसायचं. ती मान इकडून तिकडे फिरवत समुद्र तुकड्या-तुकड्यानं बघत होती. मध्येच एक लाट फुटून तुषार उडाले. तिनं ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाली, "हेच हाये. अस्संच खारं होतं." समुद्र सगळीकडेच खारा असतो, असं मी म्हणालो. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

समुद्राच्या त्या वासानं मात्र मला कवड्या आठवल्या, आणि त्यांच्याबरोबर माझंच एक जुनं. मी पहिल्यांदा शाळेत गेलो तेव्हा याडीनं मला दप्तर शिवून दिलं होतं. लाल कापड, कडेनं कवड्या. कवडी नेहमी तिची चीर वर दिसेल अशी लावतात. पण याडीनं एका कोपऱ्यात एकच कवडी उलटी लावली होती, तोंड आत करून. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मायी माय अश्शीच लावे. एक तरी. सासू तिले रोज बोले, तरी लावे." शाळेत मास्तरांनी ते दप्तर सगळ्या वर्गाला उंच धरून दाखवलं. लमाणांना कवडीसुद्धा सरळ लावता येत नाही, म्हणाले. सगळी पोरं हसली. मी घरी येऊन ती कवडी दातानं तोडली आणि नाल्यात भिरकावली. याडी चुलीपाशी बसून बघत होती. तिनं मला शब्दानं विचारलं नाही, पण त्यानंतर तिनं कुठल्याही कापडावर उलटी कवडी लावली नाही.

लाँचमधून उतरून, पुढे एसटीनं आणि मग थोडं चालत आम्ही त्या गावात पोचलो. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. ऊन तापलं होतं. याडी थकली होती, म्हणून गावदेवीच्या देवळाच्या पायरीवर सावलीत तिला बसवलं. दोन मिनिटं झाली नसतील, आतून पुजारी आले. त्यांनी याडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"लमाण ना तुम्ही? इथे तांडा उतरवायचा नाही."

"तांडा?" मी म्हणालो. "दोन माणसांचा?"

"दोन आधी येतात, बाकीचे मागून येतात. मागे असेच आले नि गावातल्या कोंबड्या गेल्या."

मी सांगितलं की मी शिक्षक आहे, ही माझी आई आहे, आम्ही मुंबईला डोळे दाखवायला आलो होतो. ते म्हणाले, "असाल. पण पायरीवरून उठा. आत बाया दर्शनाला यायच्या आहेत." जणू माझी आई बाई नव्हतीच. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुमच्या या गावाचं मीठ आमच्या बैलांनी पाठीवरून घाट चढवून नेलं, तेव्हा देशावरच्या लोकांच्या भाकरीला चव आली, आणि आज आमच्या म्हातारीला दगडाच्या पायरीवर बसू देत नाही? आवाज इतका चढला की दोन-चार माणसं जमली. शेवटी मी गाभाऱ्यातल्या मूर्तीकडे बोट केलं आणि आमच्या बोलीत ओरडलो, "पाह्यलं? पाह्यलं तू? इथीही तूच बसली ना!" दोन महिन्यांनी देवीशी बोललो, ते हे.

मी याडीचा हात धरला आणि परत फिरायला लागलो. वेशीपाशी आल्यावर तिनं हात सोडवून घेतला आणि एका करंजाच्या झाडाखाली बसकण मारली.

"मी नाई येत. विहीर पाह्याची हाये."

"कायची विहीर? लोक पायरीवर बसू देत नाईत, विहीर कोन दाखवन?"

"तू कोनाले इचारलं? भांडूनच त राह्यला सकाळपासून."

ती खरं बोलली, म्हणूनच मला अधिक राग आला. मी भर रस्त्यात माझ्या सत्तर वर्षांच्या आईवर ओरडलो, "इथी काही नाई, याडी! तुयी माय इथी नाई, कुठीच नाई! दुसऱ्याची गोष्ट तू आपली म्हनून धरून बसली!" तिनं माझ्याकडे तोंड केलं, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. मी कुठे उभा आहे ते तिला दिसलंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी माफी मागितली नाही. तसाच फुरफुरत उभा राहिलो.

त्या वेळी गावातून एक बाई आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, काष्टा घातलेली, डोक्यावर टोपली. याडीला पाहून ती थबकली. टोपली खाली ठेवली, पुढे आली आणि सरळ याडीच्या पायांवर डोकं टेकवलं. मला वाटलं, ही थट्टा आहे. आधी पायरीवरून उठवतात आणि वर हा तमाशा! मी तिच्यावरही डाफरलो.

"रागावू नको, भाऊ," ती म्हणाली. "आज आमच्या लमाणीण आयचा दिस हाय. उद्या पुनवेच्या भरतीला मिठागरात पाणी घेणार. त्याच्या आदी तिला नवी कोथळी बांधतात. आणि आजच वाटेवर लमाणीण बसलेली दिसली, म्हणून पाया पडले."

कोण लमाणीण आय, मी विचारलं. ती म्हणाली, फार वर्षांपूर्वी लमाणांचा तांडा मिठाला आला होता, त्यातली एक बाई इथे वारली. तिच्या नवऱ्यानं विहिरीपाशी तिला पुरलं आणि तिची कोथळी, म्हणजे कनवटीला लावायची छोटी पिशवी, दगडाला बांधून ठेवली. मिठागरातल्या लोकांना म्हणाला, सांभाळा, पुढल्या वर्षी येऊन घेऊन जाईन. तो आला नाही. कोथळी उन्हा-खाऱ्यानं सडायला लागली. "मग माझ्या सासूच्या सासूनं बघून बघून तश्शीच दुसरी शिवली. बायकोची वस्तू, धनी मागायला आला तर त्याला काय देणार? तवापासून दर साली नवी करतो. आत मूठभर मीठ घालतो."

तिनं टोपलीतून कोथळी काढून याडीच्या हातात दिली. तळहाताएवढी, लाल कापडाची, नवीकोरी. याडीनं ती डोळ्यांजवळ नेली, मग दिसेना म्हणून खाली घेतली आणि बोटांनी चाचपू लागली. टाके चाचपले. कडेच्या कवड्या एकेक करून मोजल्यासारख्या चाचपल्या. कोपऱ्यावर बोट गेलं आणि तिथेच थांबलं.

"ही कवडी उलटी काहून लावली?" याडीनं विचारलं. आवाज अगदी लहान पोरीसारखा आला होता.

त्या बाईला ओशाळल्यासारखं झालं. "चुकून नाय, आय. आमच्यात तशीच लावतात. एक उलटी. सासूनं शिकवलं तशी मी लावते. का ते कोणाला म्हाईत नाय."

मी काय करावं? माझ्या तोंडात अजून शिव्या तयार होत्या आणि त्या द्यायला आता कोणी उरलं नव्हतं. मी झाडाला धरून उभा राहिलो. याडी रडली नाही. तिनं कोथळी छातीशी धरली आणि मला म्हणाली, "चाल, मास्तर. मायी माय तिकडं हाये."

मिठागरात माणसं वाफ्यांची जमीन घट्ट व्हावी म्हणून पायांनी तुडवत होती. विहीर खरोखरच मधोमध होती. त्या बाईनं पोहरा ओढून पाणी काढलं, याडीच्या ओंजळीत ओतलं. गोड होतं. विहिरीजवळ गुडघाभर उंचीचा दगड, त्याला शेंदूर, आणि गळ्यात गेल्या वर्षीची विटलेली कोथळी. कामकरी माणसं पाय धुऊन जवळ आली. आम्ही कोण ते त्या बाईनं त्यांना सांगितलं. एक म्हातारा पुढे झाला आणि हात जोडून याडीला म्हणाला, "नेतेस का गो तिची कोथळी? तुमची वस्तू. आम्ही नुसती सांभाळली."

याडी दगडाशी बसली. तिनं तो दोन्ही हातांनी चाचपला, पाठीवरून हात फिरवावा तसा. मग नवी कोथळी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात बांधली आणि म्हणाली, "इथीच राहू द्या. तिले इथी माणसं हायेत." गेल्या वर्षीची जुनी तेवढी तिनं मागून घेतली. त्यानंतर ती रडली, आणि मीही त्या चिखलात लोटांगण घातलं. ज्या देवीशी दोन महिने अबोला धरला होता तिच्यापुढे घातलं की न पाहिलेल्या आजीपुढे, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही वेगळं करून सांगता येत नाही. मी तिला एवढंच म्हणालो, की मी डोळे मागत होतो, ते तू दिले नाहीस. जे दिलंस ते मागायची मला अक्कल नव्हती.

परतताना देवळावरून गेलो. पुजारी पायरीवरच बसले होते. त्यांनी मान वळवली. मीही भांडलो नाही. भांडायचं राहून गेलं याचं आजही थोडं वाईट वाटतं. माझा स्वभाव काही एका दिवसात गेलेला नाही.

दारव्ह्याला हे सांगितलं तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, ती तुझीच आजी कशावरून? कवडी तर कोणीही उलटी लावेल. रेल्वेचं गणितही मला अजून सुटलेलं नाही. पूर्वी मी अशांशी तासभर वाद घातला असता. आता त्यांना चहा देतो. ज्यांना आमचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्या माणसांनी साठ-सत्तर वर्षं एका परक्या बाईची पिशवी परत द्यायची म्हणून सांभाळली, आणि तिची चूकसुद्धा जशीच्या तशी शिवत राहिली, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी मात्र तीच चूक दातानं तोडून नाल्यात टाकली होती.

पुढच्या वर्षी कापूस वेचणीला आला तेव्हा याडीचे डोळे पूर्ण गेले. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मला राग आला, खूप आला, पण या वेळी मी तो देव्हाऱ्यासमोर बसून, हात जोडून, देवीलाच सांगितला. जुनी कोथळी तिथेच ठेवलेली आहे, आत त्या विहिरीकाठचं मीठ आहे. एक दिवस मी माझी शाळेची पिशवी याडीच्या मांडीवर ठेवली, सुईत दोरा ओवून दिला आणि एक कवडी तिच्या हातात दिली. काय करायचं ते सांगितलं नाही. तिनं कोपरा चाचपला, कवडी दोन-तीनदा बोटांत फिरवली. "लोक हासतीन, मास्तर," ती म्हणाली. मी म्हणालो, "हासू दे, याडी."

आज ती नाही. पिशवी आहे. दरवर्षी नव्या वर्गातलं एखादं पोर बोट करून सांगतं, "गुरुजी, तुमची कवडी उलटी लागली." सगळी हसतात. मी हसू देतो.